गाडीतला नळ गोठला तर काय करायचं, आणि गोठू नये म्हणून ठाण्यातूनच काय करून निघायचं

ठाण्यात बसून पाइप गोठण्यावर लिहितोय म्हणजे हसाल, कारण आपल्याकडे जानेवारीत पहाटे 16-17 डिग्री झालं की तलावपाळीवर लोक कानटोप्या घालून चक्कर मारतात. पण ट्रॅव्हलर नाहीतर विंगरसारखी व्हॅन घ्यायची, तिचा कॅम्पर करायचा, म्हणजे आतच झोपायची, स्वयंपाकाची सोय, आणि हिवाळ्यात बर्फ बघायला हिमाचल, काश्मीरला जायचं असं करणारे आता आपल्याकडे बरेच झालेत, आणि ती गाडी बनते कुठे तर वागळे इस्टेट नाहीतर तुर्भ्याच्या एखाद्या शेडमध्ये, जिथे काम करणाऱ्या एकानेही गोठलेला नळ आयुष्यात बघितलेला नसतो. माझीही तशीच बनली. प्लंबर म्हणाला दादा बिल्डिंगला हेच लावतो, टेन्शनच नाही, आणि सीपीव्हीसीचा, म्हणजे कडक प्लास्टिकचा पाइप चेसिसच्या खालून मस्त सरळ रेषेत फिरवून दिला. दिसायला एक नंबर. आणि नेमका तोच सगळ्यात आधी गोठला.

जवळजवळ 2000 किलोमीटर मारून आम्ही हिमाचलमधल्या कल्प्याला पोचलो, समोर किन्नर कैलास, सगळे खूष, रात्री पारा शून्याच्या बराच खाली. सकाळी बायकोने चहाला पाणी घ्यायला नळ सोडला तर टाकीतून पाणी ढकलणारा पंप टर्र करून गप्प. मी खाली वाकून पाइपाला हात लावला तर बोटं चिकटल्यासारखी झाली. ज्यांच्या होमस्टेच्या अंगणात गाडी लावली होती त्या आजी बाहेर आल्या, थोडा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "पाइप में पानी रखा ही क्यों बेटा?" मी इन्सुलेशन, हीटर असलं काय काय सांगायला लागलो. त्यांचं एकच, आम्ही रात्री पाइप रिकामा करून झोपतो.

तर बेसिकली एवढंच आहे, पुढचं सगळं ते कसं जमवायचं त्याबद्दल. पण आधी ज्यांचा आत्ता गोठलाय त्यांच्यासाठी.

गोठलाय, आता काय

पहिलं काम पंपाचा स्विच बंद. दुसरं, गाडीतले सगळे नळ उघडे करून ठेवा, सिंकचा, बाथरूमचा, बाहेरच्या शॉवरचा, सगळे. का ते सांगतो. पाण्याचा बर्फ झाला की तो साधारण 9 टक्के जास्त जागा घेतो हे शाळेत शिकलोय, पण पाइप बऱ्याचदा जिथे बर्फ आहे तिथे फुटतच नाही. बर्फाचं बूच वाढत वाढत पुढे सरकतं आणि त्या बुचाच्या आणि बंद नळाच्या मध्ये अडकलेलं पाणी दाबलं जातं, ते प्रेशर एवढं चढतं की मधला एखादा एल्बो, म्हणजे वळणाचा जोड, तडकतो. नळ उघडा असेल तर त्या पाण्याला पळायला जागा मिळते.

गोठलंय नक्की कुठे हे पंपच सांगतो, फक्त ऐकता आलं पाहिजे. स्विच टाकल्यावर एक सेकंद टर्र करून थांबला तर पंपाच्या पुढे, म्हणजे नळाच्या बाजूला बूच आहे, प्रेशर लगेच भरतं आणि पंपातला प्रेशर स्विच कट मारतो. नुसताच हलका हलका फिरत राहिला आणि पाणी नाही तर टाकीकडून येणारी लाइन गोठलीये किंवा टाकीच गोठलीये. आणि फिरतच नाही, घुंई आवाज येतो नाहीतर फ्यूज उडतो, तर पंपाच्या डोक्यात बर्फ आहे. अशा वेळी परत परत स्विच टाकून बघायचं नाही, मोटर जळेल, आणि स्पीतीतल्या काझाला तुम्हाला 12 व्होल्टचा पंप कोण देणार आहे. हे ऐकायचं कामही दोन-तीन सेकंदात उरकायचं आणि परत बंद.

आता वितळवायचं. उष्णता नळाच्या टोकाकडून द्यायला सुरुवात करायची आणि टाकीकडे सरकत जायचं, म्हणजे वितळलेलं पाणी उघड्या नळातून बाहेर पडतं. मधूनच तापवायला घेतलं तर दोन्हीकडे बूच आणि मध्ये गरम पाणी, परत तेच प्रेशर. सिंकखालची, सीटखालची सगळी कपाटं उघडी टाकायची म्हणजे केबिनची ऊब आत जाते. अर्ध्या वेळा एवढ्यानेच काम होतं, फक्त दोन-तीन तास चहाशिवाय काढायची तयारी पाहिजे.

घाई असेल तर कपडा गरम पाण्यात बुडवून पिळून पाइपाला गुंडाळायचा, गार झाला की परत. पाणी अंघोळीला घेतो तेवढंच गरम, उकळतं नाही, कारण गोठलेल्या सीपीव्हीसीवर उकळतं ओतलं की तो तिथेच तडकू शकतो आणि शिवाय ते पाणी खाली सांडून गाडीखाली काच तयार होते, मी त्यावर कोपर फोडून घेतलंय. याच्यापेक्षा भारी उपाय म्हणजे आपल्या घरी कंबर शेकायची लाल रबरी पिशवी असते ना, ती. पंपावर ठेवायची, वरून टॉवेल टाकायचा, वीस मिनिटं विसरून जायचं. आईची पिशवी मी न विचारता घेऊन गेलो होतो, सगळ्या ट्रिपमध्ये सगळ्यात कामाची वस्तू ती निघाली.

हेअर ड्रायर होमस्टेची लाइट असेल तरच. गाडीच्या इन्व्हर्टरवर 1200 वॉटचा ड्रायर म्हणजे बॅटरीतून 100 अँपिअरच्या वर ओढणार, 100 अँपिअर-अवरची बॅटरी तासाभरात आडवी. आणि खरं तर एवढ्या उष्णतेची गरजही नसते, एक किलो बर्फ वितळायला साधारण 93 वॉट-अवर लागतात आणि अर्ध्या इंची पाइपात चार मीटरमध्ये पाणी मावतं अर्धा लिटर. म्हणजे ताकद नाही, वेळ द्यायला लागतो.

ब्लो टॉर्च नाही, गाडीखाली स्टोव्ह पेटवून ठेवणं नाही. डिझेलची टाकी, वायरिंग, ब्रेकच्या नळ्या सगळं तिथेच आहे. आणि कितीही थंडी असली तरी कोळशाची शेगडी बंद गाडीत आणायची नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्या भागात दर हिवाळ्यात बंद खोलीत शेगडी ठेवून माणसं गेल्याच्या बातम्या येतात आणि आपली गाडी खोलीपेक्षा किती लहान.

पाणी आलं म्हणजे सुटलो असं नाही

इथेच मी फसलो. पाणी आलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मी पंप चालू ठेवून फोटो काढायला गेलो. गोठलेलं असताना तडा कळतच नाही, बर्फच तडा बुजवून बसलेला असतो, तो वितळला की मग गळायला लागतं. परत आलो तर सीटखालचा प्लाय ओला, गाद्यांची खोकी ओली, आणि ते पाणी रात्री परत गोठलं.

म्हणून पंप पाच सेकंद चालू, बंद, बघा, परत पाच सेकंद. प्रत्येक एल्बो, टी, कॉकच्या खाली टिश्यू पेपरचा तुकडा फिरवायचा. हाताला थंड आणि ओलं यातला फरक त्या थंडीत कळत नाही, टिश्यूला कळतो.

गळत असेल तर पाइप चिकटवायचं सोल्व्हंट लावून नवीन एल्बो बसवायचा विचार सोडा, एवढ्या थंडीत ते सोल्व्हंट वाळायला खूपच वेळ घेतं आणि ओला सांधा तर बसतच नाही. फुटलेला तुकडा हॅक्सॉने कापून काढायचा, त्या मापाची जाड रबरी नळी दोन्ही टोकांवर चढवायची आणि दोन्हीकडे क्लॅम्प आवळायचे. दिसायला भिकार पण माझं ते जोडकाम ठाण्यापर्यंत आलं. अर्धा मीटर नळी, सहा क्लॅम्प, एक स्क्रू ड्रायव्हर, एवढं सामान डब्यात ठेवाच, नागदेवी स्ट्रीटला मिळतं, आपल्या कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडेही मिळतं.

निघायच्या आधी, इथेच

परत आल्यावर मी फ्रीजरमध्ये प्रयोग केला. घरच्या फ्रीजरमध्ये साधारण उणे 18 असतं, म्हणजे स्पीती आपल्या किचनमध्येच आहे. सीपीव्हीसीचा वीतभर तुकडा एल्बोसकट, आणि तेवढाच पेक्सचा, म्हणजे लवचिक प्लास्टिकच्या पाइपाचा तुकडा, दोन्हीत गच्च पाणी भरून टोकं बंद करून प्लास्टिकच्या पिशवीत रात्रभर ठेवले. आईने सकाळी मटारची पिशवी काढायला फ्रीजर उघडला आणि पुढचं संभाषण इथे लिहिण्यासारखं नाही. पण निकाल बघायला मिळाला. सीपीव्हीसीच्या एल्बोला केसाएवढी बारीक चीर, वितळल्यावर थेंब थेंब. पेक्स थोडा फुगला आणि परत आपल्या जागी. पेक्स गोठून कधीच फुटत नाही असं नाही आणि त्याचे पितळी जोड तर फुटू शकतात, पण दोघांत निवडायचं तर प्रश्नच नाही.

गाडी अजून बनायची असेल तर टाकी, पंप, पाइप सगळं फ्लोअरच्या वर, आतल्या बाजूला घ्या. फॅब्रिकेटर सांगेल जागा वाचते खालून घेतलं तर, ऐकू नका. चेसिसखाली 60 च्या स्पीडने सतत बर्फाचा वारा लागतो, तो पाइपाला हवेपेक्षा गार करत नाही पण उष्णता फार पटकन ओढून नेतो. गाडी आधीच बनलेली असेल तर खालच्या पाइपाला ती काळी फोमची नळी चढवा, एसीवाले कॉपरवर चढवतात तीच, सांध्यांवर टेप. फक्त एक समजून घ्या, फोम उष्णता तयार करत नाही, नुसता उशीर करतो. रात्री नऊला गोठणारं पहाटे तीनला गोठेल, बस. मी त्यावर दोन हजार घालवून निवांत झोपलो होतो.

खरा खर्च करायचा तो ड्रेनवर. सगळ्यात खालच्या पॉइंटला एक बॉल व्हॉल्व्ह, शक्यतो दोन, एक टाकीचा आणि एक लाइनचा. आणि मग रिहर्सल. टाकीत बादलीने मोजून 60 लिटर भरा, नळ सोडून सगळ्या लाइनमध्ये पाणी फिरवा, मग ड्रेन उघडून निघालेलं पाणी परत बादलीने मोजा. माझं 53 भरलं. सात लिटर कुठेतरी लपलं होतं, थोडं टाकीच्या तळाला, थोडं गीझरमध्ये, थोडं फिल्टरच्या बाउलमध्ये, थोडं पाइपाला मध्येच पोट आलं होतं तिथे. गाडीचं एक चाक सोसायटीच्या रॅम्पवर चढवल्यावर अजून तीन लिटर निघालं. सेक्रेटरींनी वरून विचारलं काय चाललंय, सांगितलं गाडी धुतोय, अजून काय सांगणार.

उरलेलं हवेने काढायचं. टायरमध्ये हवा भरायचा छोटा 12 व्होल्टचा कॉम्प्रेसर असतो तोच बाहेरच्या शॉवरच्या जोडाला लावायचा, प्रेशर 30 पीएसआयच्या आतच ठेवायचं, आणि एकेक नळ उघडत जायचं, फस्स फस्स करत पाणी उडतं आणि शेवटी नुसती हवा येते. पंपाच्या आत व्हॉल्व्ह असल्यामुळे त्यातलं पाणी असं निघत नाही, त्याची पुढची नळी काढून पंप दहा सेकंद चालवायचा. गीझरचा ड्रेन प्लग वेगळा. आरओ फिल्टर लावला असेल तर थंडीत जायच्या आधी सरळ काढून घरी ठेवा, बाउल फुटतो आणि मेम्ब्रेन गोठलं की बाद.

सिंकखालच्या वाकड्या नळीत पाणी राहतंच, तिथे आणि टॉयलेटमध्ये प्रॉपिलीन ग्लायकॉल ओतायचं, केमिकलच्या दुकानात फूड ग्रेड मागायचं. निम्मं पाणी निम्मं ग्लायकॉल केलं तर साधारण उणे 33 पर्यंत गोठत नाही. गाडीच्या रेडिएटरचं कूलंट ओतू नका, त्यात बहुतेक वेळा इथिलीन ग्लायकॉल असतं आणि ते विषारी आहे, पाण्याच्या लाइनमध्ये तर अजिबातच नको.

तिथे रोज

तिकडचे लोक सांगतील नळाची बारीक धार चालू ठेवा. घराला ठीक आहे, मागून पाणी येत असतं. आपली टाकी 60 लिटरची, रात्रीत संपेल, आणि खाली सांडपाण्याच्या पाइपाला बर्फाचा लोंबता दांडा तयार होईल, तो आमच्या मागच्या गाडीवाल्याने करून दाखवलाय.

माझं आता ठरलंय. शिमल्याच्या पुढचं नारकंडा सोडलं की सिस्टीम रिकामी, नळ उघडे, पंपाच्या स्विचला टेप. पाणी 20 लिटरच्या जारमध्ये, तो केबिनमध्ये, आणि तांब्याने घ्यायचं, गावाला घेतो तसं. रात्री झोपायच्या आधी दोन थर्मास गरम पाण्याने भरून ठेवायचे कारण सकाळी गॅसही रुसतो. सिलिंडरमध्ये ब्युटेन असतो आणि तो शून्याच्या आसपासच गॅस व्हायचं थांबवतो, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हा ज्योत मेणबत्तीएवढी. पाणी आणि गॅस एकाच सकाळी दगा देतात, तेव्हा थर्मास असला की निदान भांडण होत नाही. प्यायच्या बाटल्या उलट्या ठेवायच्या, बर्फ वर धरतो, म्हणजे बुडाकडे धरेल आणि झाकण मोकळं राहील.

उतरताना चंदीगडच्या खाली आलो की लगेच टाकी भरायची नाही. आधी दहा लिटर, पंप पाच सेकंद, टिश्यू. ग्लायकॉल टाकलं असेल तर फेस जाईपर्यंत धुवून काढायचं. आणि घरी आल्यावर टाकी भरून गाडी दोन दिवस तशीच उभी करून सीटखालच्या प्लायला हात लावून बघा, माझी दुसरी चीर कल्प्याला सापडलीच नव्हती, ती ठाण्यात पार्किंगमध्ये सापडली, खालच्या गाडीवाल्या काकांच्या बॉनेटवर थेंब पडत होते म्हणून.