रिकामा रकाना : जुन्या खासदाराची संसदीय नोंद तपासायला बसणाऱ्यांसाठी

‘दहा वर्षांत सभागृहात एकही प्रश्न विचारला नाही.’ हे वाक्य मी लिहिलं, ते छापून आलं आणि ते साफ चुकीचं होतं.

एका मासिकासाठी मी एका ज्येष्ठ खासदाराच्या कारकिर्दीचा आढावा घेत होते. अनेक वेळा निवडून आलेला माणूस, कागदांचा ढीग मोठा, हातात तीन आठवडे. तयार आकडे एक्सेलमध्ये ओढले, बेरजा केल्या, सरासरी काढली आणि लेख दिला. अंक बाहेर पडल्यावर त्या मतदारसंघातल्या एका निवृत्त शिक्षकांचा फोन आला. ते रागावले नव्हते. एवढंच म्हणाले, “ताई, ती दहा वर्षं ते मंत्री होते. मंत्र्याने प्रश्न विचारायचा तरी कुणाला?”

हा नियम मला माहीत होता. मंत्री प्रश्न विचारत नाही, उत्तर देतो, हे शाळेतल्या नागरिकशास्त्रातच शिकलो आपण. तरीही मी चुकले. पुढच्या अंकात दुरुस्ती छापली, पण दुरुस्ती फार कुणी वाचत नाही. एका माणसाबद्दल खोटं लिहिलं गेलं ते गेलंच. त्याची टोचणी अजून आहे, म्हणून हे सविस्तर सांगते.

चूक घडली कशी ते बघा, कारण तुमच्या हातूनही ती अशीच घडेल. संसदेच्या कामकाजाचा अभ्यास करणाऱ्या पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च या संस्थेच्या खासदारांच्या नोंदींत मंत्र्यांच्या नावापुढे आकडा नसतो. मंत्री सरकारची बाजू मांडतात म्हणून त्यांचा सहभाग मोजलेला नाही, अशी टीपही तिथे असते. मी टीप वाचली नाही असंही नाही, वाचली होती. पण तक्ता उतरवून घेताना टीप मागे राहिली. आकड्यांच्या जागी जे होतं ते मी ‘स्वच्छ’ केलं, म्हणजे पुसलं. जागा रिकामी झाली. पुढे सगळ्या मुदतींची बेरीज करताना रिकाम्या जागेने काहीच भर घातली नाही, आणि सरासरीला मात्र मी पूर्ण वर्षांनी भागलं. ‘मोजलेलं नाही’चं ‘रिकामं’ झालं आणि ‘रिकामं’चं ‘शून्य’. प्रत्येक पायरीवर मी काहीतरी बरोबरच करतेय असं वाटत होतं. शेवटी समोर एक गोल, ठळक शून्य उभं राहिलं आणि मला ते बातमीसारखं दिसलं.

म्हणून आकड्यांना हात लावण्याआधी पदांचा तक्ता करा. डाव्या रकान्यात तारखा, मग सभागृह, मग मतदारसंघ, मग पद. हे काम कंटाळवाणं आहे आणि त्याला एक अख्खा दिवस जातो. जाऊ द्या.

मनोहर जोशींचं उदाहरण घ्या. १९९९ मध्ये ते मुंबई उत्तर मध्यमधून लोकसभेत गेले, लगेच अवजड उद्योग मंत्री झाले आणि २००२ मध्ये लोकसभेचे अध्यक्ष. म्हणजे तेराव्या लोकसभेत प्रश्न विचारणारा साधा सदस्य म्हणून त्यांना वेळ मिळालाच नाही. प्रश्नांच्या यादीत त्यांचं नाव शोधलं तर हाती काही लागणार नाही, आणि अध्यक्ष म्हणून त्यांनी दिलेले निर्णय मात्र कामकाजाच्या पानोपानी सापडतील. सुमित्रा महाजन इंदूरमधून १९८९ पासून आठ वेळा निवडून आल्या. त्यांतल्या २०१४ ते २०१९ या मुदतीत त्या अध्यक्ष होत्या. ती पाच वर्षं इतर सात मुदतींशी एकाच मापाने तोलता येत नाहीत.

शरद पवारांचा तक्ता तर सरावासाठीच करून बघा. १९६७ ला विधानसभा. १९८४ ला बारामतीतून लोकसभा, पण लगेच १९८५ मध्ये पुन्हा राज्यात. १९९१ ला परत दिल्ली आणि संरक्षण खातं, १९९३ ला पुन्हा मुंबईत मुख्यमंत्री. बाराव्या लोकसभेत विरोधी पक्षनेते. २००४ ते २०१४ कृषिमंत्री, त्यात २००९ ची निवडणूक माढ्यातून. २०१४ पासून राज्यसभा. इतक्या ठिकाणी विखुरलेली नोंद एका शोधात सापडेल अशी आशाच धरू नका. विधानसभेचं कामकाज विधानमंडळाकडे, लोकसभेचं वेगळीकडे, राज्यसभेचं आणखी वेगळीकडे. लोकसभेच्या नोंदी लोकसभेच्या क्रमांकाने लागतात, तर राज्यसभा कधी विसर्जित होत नसल्याने तिथे अधिवेशनांचा क्रमांक सलग पुढे चालू राहतो. तक्त्यात तारखा असतील तरच या दोन पद्धतींचा मेळ बसतो.

मंत्रिपदाच्या वर्षांत मोजायचं काय? उत्तरं, निवेदनं, मांडलेली विधेयकं, चर्चेला दिलेली उत्तरं. इथे एक बारीक गोष्ट आहे. खात्याचं उत्तर पुष्कळदा राज्यमंत्र्याच्या नावाने असतं, म्हणून खात्याची सगळी उत्तरं उचलून कॅबिनेट मंत्र्याच्या नावावर टाकू नका. स्थायी समित्यांतही मंत्री सदस्य नसतो, तेव्हा तोही रकाना त्या काळात रिकामाच असणार. हजेरीचंही तसंच. मंत्र्यांना हजेरी लावावी लागत नाही.

रिकाम्या रकान्याची इतरही कारणं असतात आणि ती मला एकेक करून कळली. २०२० च्या पावसाळी अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तास झालाच नाही, फक्त लेखी उत्तरं दिली गेली, आणि त्या वर्षी हिवाळी अधिवेशन भरलंच नाही. जुलै १९७५ मध्ये, आणीबाणी लागल्यावरच्या अधिवेशनात, प्रश्नोत्तराचा तास स्थगित केला होता. आणि मधु दंडवते? राजापूरमधून १९७१ पासून सलग पाच वेळा निवडून आलेले, सभागृह गाजवणारे. त्यांच्या पाचव्या लोकसभेच्या नोंदीत जी पोकळी दिसते, त्या काळात ते बंगळूरच्या तुरुंगात होते. १९७७ ते १९७९ ते रेल्वेमंत्री, १९८९-९० मध्ये अर्थमंत्री. म्हणजे ‘विचारणारे दंडवते’ बघायचे तर सातवी आणि आठवी लोकसभा उघडायला हवी. हे समजल्यावर मी दोन दिवस १९८० च्या दशकातलं कामकाज नुसतं वाचत बसले. कामाला उशीर झाला, पण मला त्याचं वाईट वाटत नाही.

आता थोडा धीर देते. वरचं वाचून हे आपल्याच्याने होणार नाही असं वाटलं असेल, तर तसं नाही. पदांचा तक्ता एकदा भिंतीवर लागला की निम्मं काम सरळ होतं. ज्या वर्षांत रकाना रिकामा असणारच आहे, तिथे आधीच तिरकी रेघ मारून ठेवा. मग उरलेल्या जागी खरं शून्य आलं तर ते खरंच शून्य असतं आणि ते बिनधास्त लिहा. माझ्या हातून एकावर अन्याय झाला म्हणून मी पुढे सगळ्यांशीच मऊ वागायला लागले होते, तेही चूकच. जो खासदार कोणतंही पद नसताना पाच वर्षं गप्प बसला, त्याचं गप्प बसणं नोंदवायलाच हवं.

तयार आकडे साधारण २००९ नंतरचे नीट मिळतात. त्याआधीची कारकीर्द संसदेच्या डिजिटल ग्रंथालयातल्या जुन्या कामकाजात आहे, अगदी १९५२ पासून. ती पानं स्कॅन केलेली आहेत, त्यामुळे शोधपेटीवर फार विसंबू नका. नाव कधी ‘प्रा.’ लावून येतं, कधी नुसती आद्याक्षरं. हिंदीतलं भाषण मूळ प्रतीत हिंदीतच असतं, म्हणून रोमन लिपीत शोधलं की ते हाती लागत नाही. दोन्ही लिप्यांत शोधा. मतदारसंघाच्या नावावरून शोधत असाल तर २००८ ची पुनर्रचना लक्षात ठेवा : राजापूर, कराड, इचलकरंजी, पंढरपूर, एरंडोल ही नावं गेली, माढा, शिरूर, मावळ, पालघर, हातकणंगले आली. विषयांची नावंही बदलतात. कोकण रेल्वेचा पाठपुरावा शोधताना ‘पश्चिम किनारा’ आणि ‘आपटा’ (रायगडमधलं स्टेशन) हे शब्द टाकल्यावर मला बरंच काही मिळालं.

प्रश्नांच्या संख्येबद्दल माझं मत जरा कडक आहे. लोकसभेत दिवसाला २० तारांकित (तोंडी उत्तराचे) आणि २३० अतारांकित (लेखी उत्तराचे) प्रश्न लागतात. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले जातात आणि त्यावर अनेक नावं येतात. मोजणीत प्रत्येकाला एक मिळतो. तारांकित वीसपैकी थोडेच प्रत्यक्ष पुकारले जातात, उरलेल्यांची लेखी उत्तरं सभागृहाच्या पटलावर ठेवली जातात. तेव्हा ‘पाचशे प्रश्न’ हा आकडा ऐकून भारावू नका. त्यांतले दहा प्रश्न उघडा आणि वाचा. एकाच प्रकल्पाबद्दल दोन-तीन वर्षं टोकदार होत जाणारे प्रश्न असतील, तर त्यामागे अभ्यास आहे. आज कॉफीची निर्यात, उद्या उपग्रह, परवा हातमाग, असं असेल तर प्रश्न कुणीतरी तयार करून दिलेले असण्याची शक्यता धरा. पूरक प्रश्न, म्हणजे उत्तरावरचा पुढचा प्रश्न, मात्र उभं राहून, मंत्र्याचं उत्तर ऐकून विचारावा लागतो. एखाद्याचा वकूब मला विचाराल तर मी पूरक प्रश्न आधी बघते.

वेगवेगळ्या लोकसभांची तुलना करताना बैठकी मोजा. पहिल्या लोकसभेच्या ६७७ बैठकी झाल्या, सतराव्याच्या २७४. ‘पाच वर्षांत इतकी भाषणं’ असं म्हणून या दोघींना शेजारी बसवता येत नाही.

मतदानाच्या नोंदीच्या मागे नवखे फार धावतात. बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर होतात, त्यात कोण कुठल्या बाजूला होतं याची नावनिशी नोंद नसते. आणि मतविभागणी, म्हणजे बाजूनिहाय मोजलेलं मतदान, झाली तरी १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर पक्षादेशाबाहेर जाणं म्हणजे खासदारकी पणाला लावणं. घटनादुरुस्तीला मतविभागणी होते, विश्वासदर्शक ठरावाला बहुधा होते, तेवढं बघा. १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० ने पडलं, त्या दिवसाची नोंद एकदा जरूर वाचा. खासगी विधेयकांचंही, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेल्या विधेयकांचंही, तेच. १९७० नंतर एकही खासगी विधेयक कायद्यात उतरलेलं नाही, म्हणून ‘मांडली दहा, मंजूर शून्य’ असं टोमण्यासारखं लिहू नका. विधेयकाच्या उद्देशांत आणि कारणांत तो माणूस काय म्हणतो ते वाचा. खासदार निधी हा संसदीय कामाचा भाग नाही. त्याचा हिशेब स्वतंत्र ठेवा.

मार्गदर्शकांबद्दल. मला दोघं भेटले. एकाने तयार तक्ता दिला आणि ‘यातून दोन परिच्छेद काढ’ म्हणून सांगितलं. दुसऱ्या बाईंनी एका दिवसाचं संपूर्ण कामकाज, सकाळच्या श्रद्धांजलीपासून संध्याकाळच्या तहकुबीपर्यंत, वाचायला लावलं आणि नंतर विचारलं, “कोण बोलण्याची तयारी करून आलं होतं?” तुम्हाला दुसऱ्या प्रकारचं माणूस मिळालं तर सोडू नका. न मिळालं तरी तो एक दिवस स्वतः वाचाच. खासदाराच्या कार्यालयाने काढलेल्या कार्यअहवालावरून लेख करू नका. त्यातल्या तारखा उपयोगी पडतात, विशेषणं नाहीत. एआयकडून सारांश करून घ्यायचा मोह होईल. त्या सारांशातला रिकामा रकाना तुम्हाला दिसणारही नाही, मला तरी एक्सेलमध्ये दिसला होता.

सर्वांत समृद्ध आणि सर्वांत दुर्लक्षित जागा म्हणजे समित्यांचे अहवाल. खात्यांशी जोडलेल्या २४ स्थायी समित्या आहेत, प्रत्येकीत ३१ सदस्य. बैठका बंद दाराआड होतात, पण अहवालाच्या शेवटी इतिवृत्त जोडलेलं असतं आणि कोणत्या बैठकीला कोण हजर होतं ते त्यात असतं. सभागृहाचा हजेरीपट एका नोंदीवर भागतो, तिथे माणूस किती वेळ बसला हे कळत नाही. समितीच्या इतिवृत्तात, निदान त्या छोट्या खोलीत, कोण येत राहिलं ते कळतं. अहवालाला जोडलेली भिन्नमतपत्रिका (अहवाल न पटलेल्या सदस्याची टिपण) दिसली तर ती आधी वाचा. सदस्याने स्वतःच्या नावावर घेतलेली भूमिका इतकी स्पष्ट क्वचितच सापडते.

आणि आश्वासनं. मंत्र्याने सभागृहात ‘माहिती घेऊन पटलावर ठेवू’ म्हटलं की ते आश्वासन धरलं जातं आणि ते तीन महिन्यांत पुरं करणं अपेक्षित असतं. सरकारी आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते. मी आता प्रत्येक खासदाराच्या फाइलमध्ये हा एक रकाना ठेवते : याच्या प्रश्नावर कोणतं आश्वासन मिळालं, आणि ते पुरं झालं का. मंत्री राहिलेल्यांसाठी तोच रकाना उलटा : याने कोणती आश्वासनं दिली, आणि त्यांतली किती प्रलंबित राहिली. ज्यांच्याबद्दल मी चुकीचं लिहिलं, त्यांच्या त्या दहा वर्षांसाठी हा रकाना भरून त्या शिक्षकांना पाठवला. त्यांनी वाचून फोन केला आणि दोन ठिकाणी तारीख तपासायला सांगितली. एक तारीख खरंच चुकली होती.