कॅसेट भरण्याआधी नळी उलटीसुलटी करा

पेशी मोजणारं यंत्र कितीही चांगलं असो, कॅसेटमध्ये, म्हणजे नमुना ओढून घेऊन यंत्रात ठेवायच्या छोट्या, एकदाच वापरायच्या डबीत, तो नीट गेला नाही तर आकडा चुकणारच. पेशी द्रवात तरंगत राहत नाहीत, काही मिनिटांतच तळाशी बसू लागतात. म्हणून नमुन्याची नळी हलक्या हाताने आठ-दहा वेळा उलटीसुलटी करा आणि लगेच कॅसेटचं टोक द्रवात बुडवून पिस्टन दाबा. जोराने झटकू नका. फेस होतो, नाजूक पेशी फुटतात. टोक द्रवाच्या वर राहिलं तर हवा आत जाते. पारदर्शक खिडकीत टाचणीच्या डोक्याएवढा बुडबुडा दिसला तरी ती कॅसेट बाजूला ठेवून नवी घ्या. एक कॅसेट वाचवण्यापायी अख्ख्या बॅचचा निर्णय चुकवणं मला कधीच पटलेलं नाही.

बऱ्याच कॅसेटमध्ये रंग आतच वाळवून बसवलेले असतात: ॲक्रिडीन ऑरेंज सगळ्याच पेशींना रंगवतो, डॅपी मात्र आवरण फाटलेल्या, मेलेल्या पेशींतच ठळक उतरतो. प्रकाशाने हे रंग फिके पडतात, तेव्हा पाकीट ऐन वेळीच फोडा आणि भरल्याबरोबर मोजा. वापरलेली कॅसेट जैविक कचऱ्यात.