दहावीनंतरचा निर्णय : आधी काम जवळून पाहा

दहावीनंतर अकरावीला न जाता मी कराडच्या शासकीय तंत्रनिकेतनात स्थापत्य अभियांत्रिकीच्या पदविकेला प्रवेश घेतला, पुढे थेट द्वितीय वर्षात प्रवेश मिळवून पदवी पूर्ण केली आणि आता ग्रामीण पाणीपुरवठा योजनांचे आराखडे व अंदाजपत्रके तयार करण्याचे काम करते. नात्यातली आणि ओळखीतली मुले निकालाच्या सुमारास सल्ला विचारायला येतात. त्यांच्याशी बोलताना जे मुद्दे पुन्हा पुन्हा निघतात, ते येथे सविस्तर मांडत आहे. पंधरा-सोळाव्या वर्षी आयुष्यभराचा व्यवसाय नक्की व्हावा, अशी अपेक्षा कोणी ठेवू नये. परंतु ज्या क्षेत्राकडे पाऊल टाकायचे त्यातला माणूस सकाळपासून संध्याकाळपर्यंत नेमके काय करतो, हे त्या वयातही स्वतः जाऊन पाहता येते, आणि निर्णयाची सुरुवात तिथूनच व्हावी असे माझे ठाम मत आहे.

आपल्याकडे सुरुवात होते ती गुणपत्रिकेपासून. नव्वदच्या पुढे गुण असले की विज्ञान, त्याखाली वाणिज्य, आणखी खाली कला आणि कुठेच जमले नाही तर आयटीआय, अशी एक उतरंड घराघरांत गृहीत धरलेली असते. तिच्यामुळे दोन्ही बाजूंनी नुकसान होते : इतिहासात मनापासून रमणारी मुलगी केवळ गुण चांगले पडले म्हणून भौतिकशास्त्राशी झुंजत बसते, आणि यंत्रे सहज उघडून जोडणारा मुलगा आयटीआयला जाताना मान खाली घालतो. मध्यंतरी काही वर्षे राज्य मंडळ दहावीच्या विद्यार्थ्यांची कलचाचणी घेत असे, तो प्रयत्न चांगलाच होता. तथापि कल कळण्यासाठी मुलाला त्या कामाची थोडी तरी ओळख असावी लागते. ज्याने भूमापन कधी पाहिलेच नाही, त्याला ते आवडते की नाही हे कोणती प्रश्नावली सांगणार?

माझ्या बाबतीत ही ओळख दहावीच्या सुट्टीत झाली. वडिलांचे एक मित्र शाखा अभियंता होते आणि पाटण तालुक्यातील एका डोंगराळ गावात नळपाणी योजनेच्या मोजणीचे काम पाहत होते. त्यांच्या परवानगीने मी सोबत गेले. तिकाटण्यावर लेव्हल हे दोन ठिकाणांच्या उंचीतला फरक मोजण्याचे उपकरण बसवून त्यातला बुडबुडा बरोबर मध्यावर आणायचा, ठरावीक उंची माहीत असलेल्या खुणेवर, म्हणजे बेंचमार्कवर, आकडे छापलेली पट्टी उभी धरून पहिले वाचन घ्यायचे आणि मग तीच पट्टी टाकीच्या जागेपासून वस्तीतल्या शेवटच्या घरापर्यंत नेत एकेका ठिकाणचे वाचन वहीत उतरवायचे, असे ते काम. गणित प्राथमिक शाळेतल्या बेरीज-वजाबाकीचे. पण शेवटच्या नळाला पाणी चढेल की नाही, हे त्याच्यावर ठरते. टाकीतले पाणी आणि नळ यांच्या पातळीत दहा मीटरचा फरक असेल, तर पाणी स्थिर असताना साधारण एक किलो प्रति चौरस सेंटिमीटर इतका दाब मिळतो, हे त्यांनी मला तिथेच समजावून सांगितले. पट्टी किंचित कलली तरी वाचन चुकते, म्हणून ती माझ्या हातात देताना त्यांनी ती दोन्ही बाजूंनी ओळंब्यात आहे की नाही ते पाहिले होते.

त्या दिवसाचा दुसरा भाग मात्र माझ्या निर्णयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा ठरला. दुपारी ग्रामपंचायतीच्या ओसरीत बसून साहेब मोजमाप पुस्तिका, म्हणजे झालेल्या कामाच्या मापांची नोंदवही, भरत होते : चराची लांबी, रुंदी, खोली, एका ओळीखाली दुसरी ओळ, आणि कुठे आकडा बदलला तर खाडाखोड न करता तो छेदून त्याशेजारी सही. ठेकेदाराचा माणूस खोलीवरून हुज्जत घालत होता, आणि जलवाहिनी आपल्या बांधावरून जाऊ नये म्हणून दोन शेतकरी तक्रार घेऊन आले होते. उन्हातली मोजणी आणि डोंगरावरचा वारा कोणालाही आवडेल. पण आकड्यांच्या त्या ओळी आणि ती समजूत घालणे हा या व्यवसायाचा मोठा हिस्सा आहे, आणि तो पाहूनही मला तिथून उठावेसे वाटले नाही. म्हणूनच मी आज मुलांना सांगते की कोणत्याही क्षेत्राचा निवाडा त्यातल्या रुक्ष भागावरून करा.

असा रुक्ष भाग प्रत्येक कामात असतो. डॉक्टरांना रात्रपाळी असते आणि एकाच तक्रारीचे पन्नास रुग्ण न कंटाळता तपासावे लागतात. सनदी लेखापालाचे उमेदवारीतले दिवस पावत्या आणि बँकेची खाती जुळवण्यात जातात. वकिलाला तारखांची वाट पाहावी लागते आणि मसुदा पुन्हा पुन्हा लिहावा लागतो. शिक्षकापुढे उत्तरपत्रिकांचे गठ्ठे असतात. सॉफ्टवेअरमधल्या माणसाचा बराच वेळ दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्राम वाचून त्यातली चूक शोधण्यात जातो. सोशल मीडियावर दिसणाऱ्या दोन मिनिटांच्या व्हिडिओत यातले काहीच येत नाही. म्हणून त्या क्षेत्रातला माणूस भेटला की ‘या लाइनला स्कोप आहे का?’ असे विचारू नका. त्याचे उत्तर प्रत्येक जण आपापल्या मनःस्थितीप्रमाणे देतो. ‘काल तुमचा दिवस कसा गेला, सकाळपासून सांगा’ असे विचारले की माणूस खरे बोलू लागतो. घरात ओळखीपाळखी नसल्या तरी अडत नाही. तालुक्याच्या न्यायालयातले बहुतेक कामकाज कोणालाही मागच्या बाकावर शांत बसून पाहता येते. औषधाचे दुकान, कृषी सेवा केंद्र, छापखाना, गॅरेज किंवा कर सल्लागाराचे कार्यालय येथे नम्रपणे परवानगी मागितली, तर मदत करणारे लोक भेटतात, असाच माझा अनुभव आहे.

काम पाहून झाले की दुसरा प्रश्न येतो तो वाटांचा : कोणता विषय घेतल्याने कोणता दरवाजा उघडा राहतो आणि कोणता बंद होतो. येथे ऐकीव माहितीवर विसंबू नये. अभियांत्रिकीला बारावीनंतर जायचे तर गणित हवे आणि वैद्यकीयसाठीच्या नीटला जीवशास्त्र हवे, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु औषधनिर्माणशास्त्राच्या पदवीला भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राबरोबर गणित किंवा जीवशास्त्र यांपैकी एक चालते, ही गोष्ट पुष्कळांना उशिरा कळते. अकरावीला द्विलक्षी विषय, उदाहरणार्थ संगणकशास्त्र किंवा इलेक्ट्रॉनिक्स, घेताना अनेक जण जीवशास्त्र सोडतात. ते सोडण्यापूर्वी वैद्यकीय, नर्सिंग आणि प्रयोगशाळा तंत्रज्ञान या वाटा आपल्याला खरोखर नको आहेत ना, याचा विचार करावा. ज्याला काहीच सुचत नाही, त्याने गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवावेत असा सल्ला सरसकट दिला जातो. तो मला निम्माच पटतो, कारण दरवाजे उघडे राहतात हे खरे असले, तरी दोन्ही विषयांचा अभ्यास पेलताना काही मुले दोन्हीकडे मागे पडतात. वाणिज्य शाखेत गणित सोडताना सीएच्या फाउंडेशन परीक्षेत गणित आणि संख्याशास्त्राची प्रश्नपत्रिका असते, हे ध्यानात असू द्यावे. कला शाखेविषयी तर फारच गैरसमज आहेत. पाच वर्षांचा विधी अभ्यासक्रम आणि आयआयटीची यूसीड ही डिझाइनची प्रवेश परीक्षा यांसाठी बारावीच्या कोणत्याही शाखेचा विद्यार्थी पात्र असतो, आणि पदवीनंतर राज्यसेवेची वाटही त्याला तितकीच मोकळी असते.

पदविकेविषयी थोडे अधिक लिहिते, कारण ती वाट मी चालले आहे. ‘डिप्लोमा म्हणजे मार्क कमी पडलेल्यांचं,’ असे आमच्या मामांनी स्पष्ट ऐकवले होते, आणि मुलीने साइटवर उन्हातान्हात हिंडायचे का, हा प्रश्न आत्याने काढला होता. मी वाद घातला नाही. दहावीनंतर तीन वर्षे पदविका आणि तीन वर्षे पदवी, तसेच दोन वर्षे अकरावी-बारावी आणि चार वर्षे पदवी, दोन्हीकडे मिळून सहाच वर्षे लागतात, हे मी वडिलांना कागदावर मांडून दाखवले. शेजारी खासगी क्लासची दोन वर्षांची फी आणि तंत्रनिकेतनाची फी लिहिली. आणि स्थापत्य पदविकाधारकाला कनिष्ठ अभियंत्याच्या सरकारी पदांसाठी अर्ज करता येतो, हेही नोंदवले. वडिलांनी तो कागद दोनदा वाचला आणि होकार दिला. घरात पैशांविषयी मोकळेपणाने बोलणे मुलांना अवघड जाते, तरी ते बोलणे निर्णयाआधीच व्हायला हवे.

या वाटेवरच्या अडचणीही सांगायला हव्यात. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना पहिल्या सत्रात इंग्रजी पुस्तकांचा धाक वाटतो. शिक्षक मराठीत समजावतात, पण आकृत्यांवरची नावे आणि व्याख्या इंग्रजीतच पाठ कराव्या लागतात, आणि मला त्यासाठी रोज रात्री शब्दांची वही ठेवावी लागली. सहा सत्रांमध्ये गुणांकडे दुर्लक्ष करून चालत नाही, कारण थेट द्वितीय वर्षाच्या प्रवेशाला सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, नसून पदविकेचे गुण पाहिले जातात आणि नामांकित महाविद्यालयांतील जागांसाठी मोठी चुरस असते. पुढे पदवीला गेल्यावर गणिताचा विषय पदविकेच्या मुलांना जड जातो, कारण वर्गातली बारावीहून आलेली मुले कलन, म्हणजे कॅल्क्युलस, अधिक खोलात शिकून आलेली असतात. पदविकेच्या शेवटच्या सुट्टीत बारावीच्या गणिताचे पुस्तक सोडवून ठेवले, तर ही अडचण पुष्कळ कमी होते.

जे विज्ञान शाखा घेतील त्यांनी प्रवेश परीक्षांचे स्वरूप अकरावीच्या पहिल्याच महिन्यात समजून घ्यावे. एमएचटी-सीईटीत अकरावीच्या अभ्यासक्रमाला साधारण २० टक्के आणि बारावीच्या अभ्यासक्रमाला ८० टक्के वजन असते, तर अभियांत्रिकीची जेईई आणि वैद्यकीयची नीट यांना दोन्ही वर्षांचा अभ्यास पूर्ण लागतो. त्यामुळे अकरावी हे विश्रांतीचे वर्ष मानणाऱ्याची नंतर दमछाक होते. जेईई मेन वर्षातून दोनदा होते, नीट एकदाच. एका परीक्षेसाठी पुन्हा एक वर्ष थांबायचे असेल, तर पुढच्या वेळीही मनासारखे गुण न मिळाल्यास काय करायचे, हे थांबण्याआधीच घरच्यांशी बोलून ठरवून ठेवावे.

दाखल्यांची कामे सुट्टीतच उरकावीत : अधिवास, उत्पन्न, आणि लागू असेल त्यांनी जात, जात वैधता व नॉन-क्रीमी लेअर. अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशात पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले की तेथे प्रवेश घ्यावाच लागतो, म्हणून पसंतीक्रमात पहिले नाव केवळ मैत्रिणीने लिहिले म्हणून लिहू नये.

निवडलेली वाट सहा महिन्यांत जड वाटू लागली, तर ते घरी आणि महाविद्यालयाच्या कार्यालयात लवकर सांगावे, कारण जोडरस्ते आहेत. बारावी विज्ञान झालेल्यांना, तसेच दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय अभ्यासक्रम पूर्ण केलेल्यांना, पदविकेच्या थेट द्वितीय वर्षात प्रवेश मिळू शकतो. आमच्या वर्गात असाच एक मुलगा आयटीआय करून दुसऱ्या वर्षाला आला होता. गणितात त्याला सुरुवातीला फार कष्ट पडले, आम्ही दोघी-तिघी त्याच्याबरोबर बसून उदाहरणे सोडवत असू. प्रात्यक्षिकाच्या तासाला मात्र लेव्हल कशी बसवायची, हे आम्हाला तोच दाखवायचा.