गावात हुतात्मा जवानाचे स्मारक उभारताना

सर्वप्रथम वीरपत्नीची किंवा आईवडिलांची लेखी संमती घ्यावी. त्यांच्या इच्छेवाचून पुढचे पाऊल टाकूच नये. त्यानंतर ग्रामसभेत ठराव मंजूर करून, सातबारा उतारा व नकाशा जोडून प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावा आणि नाव, हुद्दा, सैन्य क्रमांक हा तपशील जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडून पडताळून घ्यावा. सार्वजनिक रस्त्यावर पुतळ्यास परवानगी देऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये बजावले आहे. शिवाय रत्नागिरी-सिंधुदुर्गात जागा भरतीरेषेपासून ५०० मीटरच्या आत असल्यास किनारा नियमन क्षेत्राचे निर्बंध आधी तपासावेत. चौथरा जांभ्याचा शोभतो, परंतु सच्छिद्र जांभ्यावर कोरलेली अक्षरे आमच्या पावसात झिजतात, त्यांत शेवाळ धरते, म्हणून जवानाचे नाव काळ्या ग्रॅनाइटवरच खोल कोरून घ्यावे.