घर एक, कागद अनेक: प्रौढ दिव्यांग मुलाच्या सरकारी लाभांबाबत या चुका टाळा

नाशिकरोड आणि देवळाली परिसरात केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेल्यांची घरे पुष्कळ आहेत आणि त्यांपैकी काही घरांत तिशी-चाळिशीतील दिव्यांग मुलगा किंवा मुलगी आईवडिलांसोबत राहते. वडील सत्तरी ओलांडतात तेव्हा कोणीतरी हमखास सल्ला देतो: "पोराला रेशनकार्डावर वेगळं काढा, म्हणजे त्याचे संजय गांधीचे पैसे सुरू होतील." सल्ला देणारा माणूस वाईट नसतो, पण त्याला निम्मीच गोष्ट ठाऊक असते, आणि उरलेली निम्मी मुलाच्या पुढच्या साऱ्या आयुष्याशी निगडित असते.

संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांग अर्जदारासाठी किमान 40 टक्के दिव्यांगत्व, महाराष्ट्रात किमान 15 वर्षांचे वास्तव्य आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 50,000 रुपयांच्या आत असणे आवश्यक आहे. ऑक्टोबर 2025 पासून दिव्यांग लाभार्थ्यांचे अनुदान दरमहा 1,500 वरून 2,500 रुपये झाल्यामुळे अर्ज करणाऱ्यांची ओढ साहजिकच वाढली आहे. येथे 'कुटुंबाचे' हा शब्द महत्त्वाचा आहे. मुलाची स्वतःची कमाई शून्य असली, तरी वडिलांचे निवृत्तिवेतन त्याच घरात येते. केंद्राचे किमान निवृत्तिवेतन दरमहा 9,000 रुपये, म्हणजे वर्षाला 1,08,000 रुपये आहे. त्यामुळे सर्वांत कमी निवृत्तिवेतन घेणाऱ्याचे घरही या मर्यादेच्या दुपटीहून पुढे जाते. यातून वाट काढण्यासाठीच कागदोपत्री विभक्त होण्याची युक्ती सुचवली जाते.

ही पहिली आणि सर्वांत महाग पडणारी चूक आहे. शिधापत्रिका वेगळी झाली म्हणून चूल वेगळी होत नाही. चौकशीला येणारे तलाठी, ज्यांचे पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी असे झाले आहे, ते मुलगा कोठे जेवतो, त्याचे औषधपाणी कोण करते, विजेचे देयक कोणाच्या नावावर आहे, असेच साधे प्रश्न विचारतात. ज्या मुलाला आंघोळ घालायलाही आई लागते, तो स्वतंत्र कुटुंबप्रमुख असल्याचे शेजाऱ्यांच्या जबाबात टिकत नाही आणि खोट्या माहितीवर घेतलेले अनुदान बंद होऊन वसुलीही होऊ शकते. मात्र जेथे कुटुंब खरोखरच विभक्त झाले आहे, उदाहरणार्थ मोठा भाऊ सिडकोत वेगळा संसार करतो आणि विधवा आई दिव्यांग मुलासह पंचवटीत भाड्याच्या खोलीत राहते, तेथे शिधापत्रिका वेगळी करून घेणे योग्यच नव्हे तर आवश्यक आहे. अन्यथा भावाचा पगार विनाकारण या दोघांच्या उत्पन्नाच्या दाखल्यात येऊन बसतो.

आता सल्ल्याच्या न सांगितलेल्या निम्म्या भागाकडे वळू. केंद्रीय नागरी सेवा निवृत्तिवेतन नियम 2021 मधील नियम 50 नुसार, उदरनिर्वाह करू न शकणाऱ्या दिव्यांग मुलाला आईवडिलांनंतर आजीवन कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकते. राज्य कर्मचाऱ्यांसाठी 1982 च्या निवृत्तिवेतन नियमांतील नियम 116 आहे. संजय गांधी योजना संपूर्ण घराचे उत्पन्न पाहते, तर येथे मुलाचे स्वतःचे उत्पन्न पाहिले जाते. आईवडिलांच्या पश्चात तो भावाच्या बंगल्यात राहायला गेला, तरी भावाच्या पगारामुळे त्याचा हा हक्क जात नाही. भावंडांमध्ये याबद्दल फार गैरसमज आहे आणि तेवढ्यासाठी दिव्यांग भावाला जुन्या घरात एकटे ठेवण्याचा विचार झालेला मी पाहिला आहे.

याच नियमाची दुसरी बाजू मात्र सांभाळावी लागते. मुलाची सोय म्हणून काही वडील दुकानाचा गाळा किंवा मोठी मुदतठेव थेट त्याच्या नावावर करतात. फेब्रुवारी 2021 पासून केंद्राने दिव्यांग मुलांसाठी उत्पन्नाची मर्यादा सैल केली असून, अन्य मार्गांनी मिळणारे उत्पन्न सामान्य दराच्या कुटुंब निवृत्तिवेतनापेक्षा, म्हणजे शेवटच्या वेतनाच्या 30 टक्के आणि त्यावरील महागाई सवलत यांपेक्षा, कमी असले पाहिजे. शेवटचे वेतन 40,000 रुपये असेल तर 12,000 रुपये आणि त्यावरील महागाई सवलत एवढी ही मर्यादा येते. गाळ्याचे भाडे तिच्यापलीकडे गेले, तर ज्या भाड्याने मुलाला आधार द्यायचा तेच भाडे त्याचे निवृत्तिवेतन अडवते. म्हणून मालमत्ता कोणाच्या नावे ठेवायची, हे दस्त नोंदवण्यापूर्वी ठरवावे. वेगळ्या शिधापत्रिकेसाठी मुलगा 'मजुरी करतो' असे लिहून देणाऱ्यांनी तर जास्तच सावध राहावे, कारण दहा वर्षांनी तोच कागद तो कमावता असल्याचा पुरावा म्हणून समोर येऊ शकतो. दरमहा 2,500 रुपयांसाठी 9,000 रुपयांहून अधिकचा आजीवन हक्क वादात घालणे हा हिशेब मला कधीच पटलेला नाही.

मुलाचे नाव आईवडिलांच्या हयातीतच निवृत्तिवेतनाच्या कागदपत्रांत नोंदवून घ्यावे. केंद्रीय निवृत्तिवेतनधारकाला निवृत्तिवेतन अदायगी आदेशातच दिव्यांग अपत्याचे नाव आधी समाविष्ट करून घेता येते. राज्याच्या प्रकरणात जिल्हा कोषागारामार्फत मुंबईच्या महालेखापाल कार्यालयाशी पत्रव्यवहार करावा लागतो. दिव्यांगत्वाचा दाखलाही आईवडील असतानाच्या तारखेचा असावा, कारण दोघांच्या निधनानंतर काढलेल्या पहिल्याच दाखल्यावर 'दिव्यांगत्व केव्हापासून?' हा प्रश्न येतो आणि त्याचे उत्तर देणारे कोणी उरलेले नसते.

पालकत्वाबाबतही गल्लत होते. मुलगा 18 वर्षांचा झाला की आईवडील आपोआप त्याचे कायदेशीर पालक राहत नाहीत, मग तो त्यांच्याच घरात, त्यांच्याच हाताने जेवत असला तरी. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक दिव्यांगत्व किंवा बहुदिव्यांगत्व असल्यास 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समिती पालक नेमते. आईवडिलांचे वय झाले असेल तर पुढे मूल ज्याच्या घरी राहणार आहे, त्या भावाबहिणीशी याविषयी आधीच बोलून ठेवावे.

एक फाइल मला अजून आठवते. आईने ती दोन रबरबँड लावून आणली होती. शिधापत्रिकेवर पंचवटीचा पत्ता, आधारवर दिंडोरी तालुक्यातील मामाचे गाव, दिव्यांग ओळखपत्रावर सातपूरची जुनी भाड्याची खोली आणि बँकेचे खाते चार वर्षांपूर्वी वारलेल्या वडिलांसोबतचे संयुक्त. मुलगा एकाच घरात राहत होता. कागदांनी मात्र त्याला तीन ठिकाणी राहायला पाठवले होते. अर्ज कोणत्या तहसील कार्यालयात द्यायचा आणि दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा स्वउत्पन्नाचा 5 टक्के निधी महापालिकेकडे मागायचा की ग्रामपंचायतीकडे, हे राहत्या पत्त्यावर ठरते. म्हणून घर बदलल्यावर आधी आधारवरील पत्ता आणि मग त्याच्या आधारे बाकीचे कागद, असा क्रम ठेवावा. अनुदान आता आधारशी जोडलेल्या खात्यात थेट जमा होत असल्याने मुलाचे स्वतःचे खाते जोडलेले आहे ना, हे बँकेत विचारून घ्यावे. आधारशी सर्वांत शेवटी जोडलेले खाते दुसरेच असेल तर पैसे तिकडे जातात आणि घरचे लोक महिनोन्महिने तहसीलच्या पायऱ्या झिजवत राहतात. त्या आईचेही तसेच झाले होते. तिच्या मुलाचे पैसे मामाच्या गावी उघडलेल्या, तिला आठवतही नसलेल्या खात्यात जमा होत होते.