देवाचे मार्गदर्शन ओळखताना: एका पावलापुरता विचार

देवाने वाट दाखवावी अशी प्रार्थना करताना आपल्या मनात बहुधा संपूर्ण प्रवासाचा नकाशा असतो. शास्त्रात, म्हणजे बायबलात, मात्र असा नकाशा फारसा कोणाच्या हाती दिलेला दिसत नाही. कोठे जायचे हे ठाऊक नसतानाच अब्राहाम निघाला, असे इब्री लोकांस पत्राच्या 11व्या अध्यायात म्हटले आहे. गणना या पुस्तकाच्या 9व्या अध्यायातील वर्णनानुसार देवाच्या उपस्थितीचे चिन्ह असलेला मेघ निवासमंडपावर, म्हणजे इस्राएल लोकांच्या उपासनेच्या तंबूवर, कधी दोन दिवस, कधी महिनाभर, तर कधी त्याहूनही अधिक काळ थांबे आणि तो वर जाईपर्यंत इस्राएल लोक तळ हलवत नसत. मुक्काम किती दिवसांचा, हे त्यांना आधी सांगितले जात नसे. म्हणून देवाला विचारण्याचा प्रश्नही पुढच्या पावलापुरता असावा.

तो प्रश्न प्रथम एका वाक्यात लिहून काढावा. ‘माझ्या आयुष्याचे काय होणार’ या प्रश्नाला उत्तर मिळणे कठीण. ‘ही नोकरी स्वीकारावी की नाही’ हा प्रश्न घेऊन प्रार्थनेला बसता येते. लिहिताना काही प्रश्न आपोआप गळून पडतात, कारण खोटे बोलावे का, किंवा दिलेला शब्द सोयीसाठी मोडावा का, याचे उत्तर शास्त्राने आधीच दिलेले असते आणि त्यासाठी वेगळ्या संकेताची वाट पाहणे ही टाळाटाळच ठरते.

वचनाकडे वळताना डोळे मिटून बायबल उघडणे आणि बोट पडेल ती ओळ देवाचा आदेश मानणे, ही सवय सोडून द्यावी. संदर्भापासून तोडलेले वचन कसे वापरता येते, हे मत्तयाच्या 4थ्या अध्यायात दिसते: मंदिराच्या शिरोभागावरून उडी टाकण्यास सुचवताना सैतान 91व्या स्तोत्राचाच आधार घेतो. त्यापेक्षा एखादे पुस्तक रोज थोडे थोडे, सलग वाचावे. अशा वाचनातून तयार उत्तर क्वचितच मिळते, परंतु देवाला काय आवडते याची जाण हळूहळू मुरते आणि निर्णयाच्या वेळी तीच उपयोगी पडते.

प्रार्थनेत सर्वांत अवघड भाग स्वतःच्या इच्छेचा असतो. ‘प्रभो, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ असे म्हणताना आपली इच्छा लपवून ठेवण्याचा मोह होतो, जणू ती देवाला माहीत नाही. गेथशेमाने बागेत येशूने तसे केले नाही. हा प्याला, म्हणजे समोर आलेले दुःख, टळावा ही इच्छा त्याने आधी उघड बोलून दाखवली, मग ती पित्याच्या स्वाधीन केली आणि मत्तयाच्या वृत्तांतानुसार त्याच विषयावर तीन वेळा प्रार्थना केली. आपणही आपल्याला काय हवे आहे आणि कशाची भीती वाटते, ते स्पष्ट शब्दांत सांगावे. स्वाधीन करणे एका बैठकीत साधले नाही, तर त्यात कमीपणा मानू नये.

इस्राएलाचा पुढारी गिदोन याच्याप्रमाणे रात्री उघड्यावर लोकर ठेवून, दव कशावर पडते यावरून देवाकडे चिन्ह मागावे का, असे अनेकजण विचारतात. शास्ते या पुस्तकाचा 6वा अध्याय नीट वाचल्यास लक्षात येते की काय करायचे ते गिदोनाला आधीच सांगितलेले होते. पहिल्या सकाळी लोकर भिजलेली आणि जमीन कोरडी आढळूनही त्याने दुसऱ्या रात्री उलट चिन्ह मागितले. देवाने त्याचा दुबळेपणा सांभाळून घेतला, एवढेच त्यावरून म्हणता येईल. तो नियम मानू नये, असे मला वाटते.

मनाला वाटणारी शांती हा देवाचा होकार मानण्यालाही मर्यादा आहेत. सोळाव्या शतकातील संत इग्नेशियस लोयोला यांचा एक नियम येथे मोलाचा आहे: मन उदास आणि कोरडे झाले असताना, आधी शांतपणे घेतलेला निर्णय बदलू नये.

यानंतर दोन-तीन परिपक्व विश्वासणाऱ्यांचा सल्ला घ्यावा. त्यांपैकी किमान एकजण आपल्याला ‘नाही’ म्हणू शकणारा असावा. बालक शमुवेलाला हाक ऐकू आली, परंतु ती परमेश्वराची आहे हे वृद्ध याजक एलीच्या ध्यानात आले. मात्र ‘देवाने मला तुमच्याविषयी सांगितले आहे’ असे म्हणून आपले लग्न किंवा पैसा यांवर हुकूम चालवणाऱ्यापासून दूर राहावे.

बंद झालेले दार पाहून लगेच खचू नये. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या 16व्या अध्यायात पौल आणि त्याच्या सोबत्यांना आशिया प्रांतात वचन सांगण्यास मनाई होते, बिथुनियातही जाऊ दिले जात नाही आणि मग त्रोवस येथे मासेदोनियातील मनुष्याचा दृष्टान्त होतो. दार उघडले तरी वाट सोपी होत नाही: फिलिप्पै येथे पौल व सीला यांना फटके मारून बंदिशाळेत टाकण्यात आले. तेव्हा अडचण आली म्हणजे मार्ग चुकला, असा हिशेब मांडू नये.

विचारासाठी एक मुदत ठरवावी, ती संपली की निर्णय घ्यावा आणि चालू लागावे. तरीही चूक झाली तर? इस्राएलाचा पुढारी यहोशवा याने परमेश्वराला न विचारताच, शिळ्या भाकरी दाखवून आपण दूरदेशाहून आलो असे भासवणाऱ्या शेजारच्या गिबोनी लोकांशी करार केला. फसवणूक उघड झाल्यावरही इस्राएलाने शपथ पाळली, आणि पुढच्याच अध्यायात पाच राजे गिबोनावर चालून आले तेव्हा त्याच कराराखातर निघालेल्या यहोशवाला परमेश्वराने ‘भिऊ नकोस’ असे सांगितले.