पांढऱ्या उंदरांसाठी घर कसं बनवायचं

माशांची जुनी काचेची टाकी घ्या, खाली भुसा टाका, झालं उंदरांचं घर, असं कोणी सांगितलं तर कृपा करून ऐकू नका. मला पण हाच सल्ला मिळाला होता आणि तो ऐकून मी एक मादी गमावलीय. पक्ष्यांचा पिंजरा पण नको, त्याच्या गजांमधून उंदीर सहज निसटतो, जिथून डोकं जातं तिथून अख्खा उंदीर जातो आणि महिन्याभराचं पिल्लू तर पेन्सिल जाईल एवढ्या भोकातून पण निघून जातं.

घर बनवायच्या आधी कोण राहणार ते ठरवा. माद्या दोन-तीन एकत्र ठेवायच्या, एकटी मादी झुरते. नर एकटाच, कारण दोन नर मोठे झाले की एकमेकांना रक्त येईपर्यंत चावतात, भाऊ असले तरी. दुकानदार "जोडी घेऊन जा" म्हणेल, घेऊ नका. १९ ते २१ दिवसांत पिल्लं होतात आणि व्यायल्यावर एका दिवसाच्या आत मादी परत गाभण राहू शकते, पिल्लं पण दीड महिन्याची झाली की वयात येतात. मग हिशोब तुम्हीच करा.

डबा: कपडे ठेवायचा मोठा प्लॅस्टिकचा डबा, निदान दोन फूट लांब आणि सव्वा फूट रुंद, जरा दुधाळ आणि दाबलं की थोडं वाकणारं प्लॅस्टिक. कडक पारदर्शक डबा कापताना तडकतो.

आता हवा. इथेच सगळे चुकतात आणि मी पण चुकले होते म्हणून हे सविस्तर सांगते.

माझी ती मादी टाकीत होती, वर प्लायचं झाकण, त्याला मी डझनभर भोकं पाडली होती आणि मला वाटायचं बास झाली की हवा. वास आला की सगळं धुवायचं, तीन दिवसांनी परत तेच. एका रात्री लाइट गेली, पंखा बंद झाला आणि त्या शांततेत टाकीतून घड्याळासारखी बारीक टिक टिक ऐकू आली. तिला उचलून कानाशी धरलं तर तो तिच्या श्वासाचा आवाज होता, प्रत्येक श्वासाला एक टिक, आणि डोळ्यांच्या कडांना वाळलेल्या रक्तासारखं लालसर काहीतरी. औषध सुरू केलं पण आठवड्याभरात ती गेली.

होतं काय, की मुतातल्या युरियाचा जिवाणू अमोनिया करतात आणि काचेच्या टाकीत हवा फक्त वरून येते-जाते त्यामुळे तो तळाशी साचून राहतो, जिथे उंदराचं नाक चोवीस तास असतं. आपल्याला वरून जरासा वास आला म्हणजे खाली त्याच्या कितीतरी पट आहे. त्यात बऱ्याच उंदरांच्या अंगात मायकोप्लाझ्मा नावाचा जंतू आधीच दबा धरून असतो, अमोनियाने नाक आणि फुफ्फुसं सोलवटली की तो उसळतो. म्हणून भोकं पाडून भागत नाही, खिडक्या कापाव्या लागतात. एक झाकणाला, चारी बाजूंनी दोन-दोन इंच कड सोडून बाकी सगळं मोकळं. दुसरी लांब बाजूला, पण वरच्या अर्ध्या भागात, म्हणजे आत अंथरलेला कागद बाहेर सांडत नाही. बाजूने आत, वरून बाहेर, अशी हवा खेळली पाहिजे.

कापायला सोल्डरिंग आयर्न किंवा गॅसवर तापवलेला जुना चाकू घ्या, तापवणं सोडून बाकी काम गॅलरीत करा कारण प्लॅस्टिकचा धूर वाईट असतो. हार्डवेअरच्या दुकानातून पाव इंची भोकांची जी.आय. जाळी (जस्त चढवलेल्या लोखंडी तारेची) आणा, दुकानदार अर्धा इंची पुढे करेल, ती नाही घ्यायची, पिल्लं त्यातून आरामात जातात. मच्छरांची नायलॉन जाळी तर एका रात्रीत फाडतात. नवी जाळी व्हिनेगरने घासून धुवा आणि उन्हात वाळवा, मग पत्रा कातरीने खिडकीपेक्षा सगळीकडून दीड इंच मोठी कापा आणि टोकं कानसने घासून टाका, नाहीतर पाय फाटतात.

आणि जाळी आतून लावायची! बाहेरून लावली तर कापलेली प्लॅस्टिकची कड आत उघडी राहते. उंदराला सपाट भिंत कुरतडता येत नाही, दात धरायला कड लागते, ती मिळाली की दोन-तीन रात्रींत तिथून रस्ता तयार. आतून मोठ्या जाळीने ती कड झाकली की विषय संपला. बसवायची नट-बोल्ट आणि वायसरनेच, दर तीन इंचांवर एक, बोल्टचं डोकं आत आणि नट बाहेर. ग्लू गन सांगणाऱ्यांनी कधी उंदीर पाळलेला नसतो असं माझं स्पष्ट मत आहे, तो गोंद ते सोलून खातात. प्लॅस्टिकचे केबल टाय पण तसेच, कुरतडले जातात. सगळं झालं की एक पेन्सिल घेऊन प्रत्येक फटीत घालून बघा, झाकणाच्या कडेला आणि हँडलच्या खाली पण. पेन्सिल गेली तर ती फट बंद करा.

खाली तीन-चार इंच थर हवा. वखारीतला बारीक भुसा नको, त्याची धूळ नाकात जाते, आणि देवदार किंवा चीडसारख्या वासाच्या लाकडाचा तर अजिबात नको. मी श्रेडरमधला कोरा कागद आणि फाडलेले अंड्याचे ट्रे वापरते, वर घरट्यासाठी टिश्यू पेपर. कापूस कधीच टाकू नका, मऊ दिसतो पण तंतू पायाला गुंडाळला की रक्त थांबतं.

पाणी बॉलवाल्या (नळीच्या टोकाला फिरती गोळी असलेल्या) बाटलीतून, रोज बोट लावून बघायचं थेंब येतो का. चाक सात-आठ इंचाचं, भरीव पत्र्याचं किंवा प्लॅस्टिकचं, तारांचं नाही, त्यात शेपूट अडकते.

विदर्भ-मराठवाड्यात राहत असाल तर उन्हाळ्याचा विचार आत्ताच करा. उंदराला घाम येत नाही, तिशीच्या वर पारा गेला की त्याला त्रास सुरू. एक जुनं मातीचं कौल ओलं करून पुसून आत ठेवा, दुपारी त्यावर पोट टेकून चारी पाय पसरून पडलेले दिसतील. डबा टेबलावर ठेवा आणि टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांमध्ये, नाहीतर मुंग्या नवजात पिल्लांवर चढतात. मुंग्यांचा खडू डब्याजवळ ओढू नका, ते विष आहे.

सफाई रोज ओल्या कोपऱ्याची, आठवड्याला दोन तृतीयांश कागद बदला आणि घरट्यातला कोरडा भाग तसाच ठेवा. सगळंच धुतलं की त्यांचा स्वतःचा वास जातो आणि ते जागोजागी मुतून तो परत आणतात, म्हणून माझ्या टाकीला तीन दिवसांत वास यायचा. फिनाईल नको, गरम पाणी आणि व्हिनेगर बास.

ज्यांच्या घरी बॉल पायथन (पाळीव अजगराची एक छोटी जात) आहे आणि जे खाद्य म्हणून उंदीर वाढवतात त्यांना पण हेच सगळं लागू आहे. सापासाठी आहेत म्हणून बादलीत दाटीवाटीने वीस उंदीर ठेवायचे हे मला मुळीच पटत नाही. तो जीव जितके दिवस आहे तितके दिवस त्याला श्वास तरी नीट घेता आला पाहिजे, आणि आजारी उंदीर सापाच्या पोटात जाणं सापालाही बरं नाही.

उंदीर आत सोडल्यावर पहिले दोन दिवस हात घालू नका. तिसऱ्या रात्री घरातला पंखा बंद करा, झाकणावर नाक नेऊन वास घ्या आणि मग एकेकाला ओंजळीत उचलून कानाशी धरा. काहीच ऐकू आलं नाही पाहिजे.